जन्म कुठला, दाखला कुठला

आपल्याकडे माणसाला "तुमचं गाव कोणतं?" असं विचारलं की तो वडिलांचं गाव सांगतो. आजोबा तिथून पन्नास वर्षांपूर्वी उठून मुंबईला गेलेले असोत, यानं ते गाव फक्त जत्रेला पाहिलेलं असो, गाव तेच. जन्मदाखला काढायला निघालेला माणूस निम्म्या वेळा इथंच फसतो. तुमचं मूळ गाव कोणतं याच्याशी त्या नोंदीला काही देणंघेणं नसतं. बाळ ज्या जागी जन्मलं, ती जागा ज्या कार्यालयाच्या हद्दीत, तिथं नोंद. आणि आपल्याकडे बाळं, निदान पहिलं बाळ तरी, आईच्या माहेरी जन्मतं. म्हणजे दाखला शोधायचा तर आधी आजोळ शोधायला हवं.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गोतावळ्यात (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय) गेल्या वर्षभरात तीन जणांनी मला याच कामासाठी फोन केला. एकाला भाचीचा पासपोर्ट काढायचा होता, एकाला जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद हवी होती, आणि तिसरी माझी मावसबहीण. तिचं पुढे सांगतेच. तिघांचाही पहिला प्रश्न एकच, "तिथं कुणी ओळखीचं आहे का गं?" माझं मत नेमकं उलट आहे आणि ते सांगण्यासाठीच हा खटाटोप. या कामाला ओळख लागत नाही. नेमकी माहिती लागते आणि लेखी अर्ज लागतो. ओळखीनं गेलं की अर्ज तोंडी होतो, आणि तोंडी अर्जाची पोच मिळत नाही.

मध्यंतरी लांबच्या मामांकडे हिवरे बाजारला गेले होते, तेव्हा ओट्यावर हाच विषय निघाला. हे गाव कोणतं ते मंडळींना नव्यानं सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळानंतर माणसं पोटापाठी गाव सोडून गेली. पुढे १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच झाले, श्रमदानानं डोंगरावर चर खणले गेले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, विहिरींना पाणी आलं आणि गेलेली कितीतरी कुटुंबं परत आली. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं वाचलेलं असतंच. मला मात्र या गावातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला ते पर्जन्यमापकावर मोजायचं, विहिरींची पातळी बघायची, माणसांना आणि जनावरांना लागेल तेवढं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत बसून ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. हिशेब चारचौघांत मांडलेला.

मी मामांना म्हटलं, पाणी एवढं मोजता, मग गावात वर्षाला किती बाळं जन्मली तेही पटकन सांगता येत असेल.

मामा हसले. म्हणाले, "बाळं आता गावात कुठं जन्मत्यात? सगळी नगरला. पाऊस बरा, जिथं पडला तिथं मोजता येतो."

किती खरं आहे हे! सुईण घरी येऊन बाळंतपण करायची तेव्हा गावचं बाळ गावच्या वहीत लिहिलं जायचं. आता नगर वीस किलोमीटरच्या आत आहे, बाळंतपण तिथल्या दवाखान्यात होतं, आणि नोंद होते महापालिकेच्या दप्तरात. (ही महापालिका २००३ सालची. त्याआधीच्या नोंदी नगरपालिकेच्या काळातल्या.) नवा बाप उत्साहानं ग्रामपंचायतीत जातो. तिथं त्याला सांगतात, आमच्याकडे नाही. त्याला वाटतं, टाळतायत. टाळत नसतात. दवाखान्यातल्या जन्माची खबर दवाखान्यानं द्यायची आणि घरी जन्म झाला तर कुटुंबप्रमुखानं, असा १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. गंमत म्हणजे चालत्या गाडीत जन्म झाला तर खबर द्यायची जबाबदारी गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर, आणि ती जिथं प्रथम थांबेल त्या ठिकाणी. एसटीत जन्मलेल्या बाळाचं गाव म्हणजे पुढचा थांबा!

हे वाचायला मजेचं आहे, पण ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या घ्या. बाळ जन्मतं कारखान्याजवळच्या कोपीत. नोंद व्हायला हवी त्या हद्दीत, एकवीस दिवसांच्या आत. तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. बाई मे महिन्यात गावी येते, तेव्हा बाळ चार महिन्यांचं असतं आणि त्याचा कागद कुठंच नसतो. गावच्या वहीत त्याला जागा नाही, कारण ते गावात जन्मलं नाही. जिथं जन्मलं तिथं त्याच्या आईला कुणी ओळखत नाही. दाखल्यासाठी कचेरीत गेल्यावर सगळ्यात जास्त बोलणी याच आईला खावी लागतात.

एकवीस दिवसांत खबर दिली तर नोंद फुकट आणि पहिली प्रतही फुकट. एकवीस ते तीस दिवसांत विलंब शुल्क. तीस दिवसांनंतर वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, हे काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं. मग २०२५ च्या सुरुवातीला राज्यात उशिराच्या नोंदींवरून मोठा गदारोळ झाला, चौकशी बसली, आणि मार्चमध्ये जास्त कडक कार्यपद्धती आली. खोटे दाखले निघत असतील तर ते थांबवलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण कडक नियमाचा पहिला फटका खोट्या माणसाला बसत नाही. त्याच्याकडे कागद तयार असतात. तो बसतो कोपीतल्या बाईला. आणि त्याच १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माच्या पुराव्यासाठी हा एकच दाखला मानला जाणार आहे. आमच्या पिढीचं शाळेच्या दाखल्यावर भागलं, त्यांचं भागणार नाही.

आता मागायचं कसं. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वहीतल्या नोंदीचा शोध घ्यायला कुणीही सांगू शकतं. कार्यालयाच्या मेहेरबानीचा प्रश्नच नाही. पण शोधणाऱ्या माणसाला काहीतरी धागा हवा ना! "माझ्या आईचा दाखला द्या" या वाक्यावर कुणी काय शोधणार? जुन्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बारसं व्हायच्या आधी खबर दिली जायची आणि नंतर नाव लिहायला कुणी परत जायचं नाही. (नाव वर्षभरात फुकट घालता येतं, नंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. त्याहून जुन्या नोंदींसाठी सरकार अधूनमधून मुदत वाढवतं.) म्हणून शोध बाळाच्या नावानं घ्यायचा नाही. वडिलांच्या नावानं, आईच्या माहेरच्या नावानं, आणि आजोळी जन्म असेल तर खबर देणाऱ्याच्या, म्हणजे बहुधा आईच्या वडिलांच्या नावानं. एक तारीख लिहू नका, साल लिहा, आणि मागचं-पुढचं एकेक साल धरून शोधायला सांगा.

सन १९७० च्या आधीची नोंद असेल तर ती बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना १४ मध्ये किंवा कोतवाल बुकात. तिथं जात लिहिलेली असते. म्हणून तर २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधायला हीच दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्या चार माणसांना एकदम भाव आला. माझ्या चुलतभावाला पणजोबांचं नाव मोडीत सापडलं. तो ते वाचू शकला नाही, पण फोटो सगळ्यांना पाठवला.

अर्ज दोन प्रतीत न्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यायचा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं कोणती सेवा किती दिवसांत आणि कुणी द्यायची हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक केलंय. तो फलक कधीकधी कपाटामागे असतो, बघा. मुदतीत दाखला मिळाला नाही की अपील. ग्रामपंचायतीचं असेल तर पंचायत समितीत. आणि नुसतं "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जाचं काय झालं" एवढं विचारायला दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. ज्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून या कायद्यासाठी अण्णा हजाऱ्यांनी एवढी उपोषणं केली, राज्याचा कायदा २००२ मध्ये आणि केंद्राचा २००५ मध्ये आला, त्याच जिल्ह्यातली माझी माणसं मला "ओळख आहे का" विचारतात म्हणजे काय!

आणि नोंद सापडलीच नाही तर रिकाम्या हातानं उठायचं नाही. "नोंद आढळत नाही" हेसुद्धा लेखी घ्यायचं. त्याचा ठरलेला नमुना आहे, आणि पुढचं सगळं काम त्याच कागदावर उभं राहतं. पण हा कागद नोंद नसेल तेव्हाच घ्यायचा. माझ्या ताईच्या प्रकरणात आमचं भांडण झालं ते यावरूनच.

ताई म्हणजे मावसबहीण. जन्म १९७२ चा, आमच्या आजोळी. नगर तालुक्यातलंच गाव, हिवऱ्यासारखंच डोंगरपायथ्याचं आणि त्या साली हिवऱ्याइतकंच कोरडं. तिची लेक न्यू जर्सीत असते, आता तिथली नागरिक झालीय, आणि तिनं आईच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केलाय. जन्मदाखला हवा. ताईच्या सगळ्या कागदांवर तारीख आहे १ जून १९७२. शाळेचा दाखला, पॅन, आधार, पासपोर्ट, सगळीकडे.

आता १ जून म्हटल्यावर मंडळी हसली असतील. आपल्या घराघरात एखादा तरी एक जूनवाला असतोच. जूनमध्ये शाळा उघडायची, सहा वर्षं पूर्ण हवीत, आईला तारीख सांगता यायची नाही. गुरुजी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. मग अठ्ठावन्न वर्षांनी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत एकाच दिवशी हारतुऱ्यांची रांग लागते. गुरुजींना नावं ठेवायला मी तयार नाही. त्यांनी ती तारीख लिहिली नसती तर कित्येक पोरी घरीच राहिल्या असत्या.

तर मी लेखी अर्ज दिला, आजोबांच्या नावानं, १९७१ ते ७३ अशी तीन सालं. एका कचेरीत (नाव घेत नाही) चार चकरा झाल्या. एकदा किल्ली असलेले रजेवर, एकदा ती वही दुसरीकडे असेल म्हणाले. पाचव्या चकरेला वही निघाली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण आमची ओळ शाबूत. सप्टेंबर १९७२. लिंग : स्त्री. बाळाचं नाव : कोरं. आईचं नाव माहेरचं. सासरी मावशीचं नाव बदललेलं, ते कुठल्याच नोंदीत जुळत नाही. आणि खबर देणाऱ्याच्या रकान्यात आजोबांचा अंगठा.

मी तो अंगठा बराच वेळ बघत बसले. त्या साली गावात प्यायला पाणी नव्हतं. आजोबा दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडत होते, घरात सुकडी आणि तांबडी मिलो खात होते. आणि अशात तो माणूस लेकीला झालेल्या मुलीची खबर द्यायला गेला होता. मुलगी, तीही दुसऱ्या घरची.

बाहेर आले तर तिथल्याच एकानं हळूच सुचवलं, "ताई, ही तारीख जुळत नाही तुमच्या कागदांशी. कशाला घोळात पडता? नोंद आढळत नाही असा दाखला घ्या, शाळेचा दाखला जोडा, मोकळ्या व्हा." माणूस वाईट नव्हता, खरंच मदत करत होता. फोनवर ताईलाही तेच पटलं. म्हणाली, "मला लेकीकडे जायचंय, मला खरं-खोटं करायचं नाहीये. पन्नास वर्षं मी एक जूनचीच आहे."

तिचं म्हणणं मला कळतं. खरी नोंद सापडल्यामुळे तिचे सगळे कागद संशयित झाले, हा न्याय नव्हे. तरी मी विरोध केला. अमेरिकेच्या नियमात नोंदच नसेल तर तसा दाखला आणि त्यासोबत शाळेचे कागद, जुन्या माणसांची प्रतिज्ञापत्रं चालतात. पण नोंद असताना ती नाही म्हणून लिहून घेणं म्हणजे उद्या कुणी ती वही उघडली तर ताई खोटी ठरणार, आणि तेव्हा सांगायला काही उरणार नाही. हे झालं व्यवहाराचं. दुसरं असं की आजोबांनी केलेली नोंद आपणच "नाही" म्हणून लिहून घ्यायची, हे माझ्या हातून झालं नसतं. ताईला मी हे दुसरं कारण सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. फोन तसाच चालू राहिला.

शेवटी बिननावाचा खरा दाखला घेतला. शाळेच्या रजिस्टरचा उतारा घेतला. मावशीच्या माहेरच्या आणि सासरच्या नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. गावात ताईचा जन्म आठवणारी एक म्हातारी होती. तिला तारीख ठाऊक नव्हती, पण "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलाला घालायला दाणा नव्हता त्या साली" एवढं पक्कं आठवत होतं. जुनं पंचांग काढून बघितलं, वहीतल्या तारखेत आणि तिच्या पोळ्यात दोनच दिवसांचा फरक. तिचं प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि १ जूनची तारीख शाळेत कशी पडली हे सरळ लिहून दिलं. फाईल गेलीय. उत्तर यायचंय. अडकली तर ताई मला बोल लावणार हे मला माहीत आहे, आणि तो मी ऐकून घेईन.

आधार कार्ड का चालत नाही असं विचारणाऱ्यांना सांगते, ते जन्मतारखेचा पुरावा नव्हे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलंय. त्यावर आपण सांगितलेली तारीख असते. वहीतली नोंद त्या वेळी, त्या जागी झालेली असते, फरक एवढाच.

राहता राहिली मामांच्या ओट्यावरची गोष्ट. पाऊस मोजणाऱ्या गावाला माणसं मोजता येणार नाहीत हे मला पटत नाही. गावाबाहेर जन्मलेल्या बाळांची यादी गावात असतेच. अंगणवाडीच्या ताईंकडे असते, आशाताईंकडे असते. कोण कुठल्या दवाखान्यात बाळंत झाली, कोण कारखान्यावरून लेकरू घेऊन आली, त्यांना तोंडपाठ असतं. ती यादी फक्त लसीसाठी आणि खाऊसाठी वापरली जाते. वर्षातल्या एखाद्या ग्रामसभेत ती वाचली, बाळाचं नाव, जन्माची जागा, नोंद कुठल्या कार्यालयात झाली, झाली नसेल तर किती दिवस उरले, एवढंच, तर याला नवा कायदा लागत नाही की निधी लागत नाही. ती यादी म्हणजे दाखला नव्हे. पण दाखला कुठं मागायचा ते गावाला ठाऊक राहील, आणि तीस दिवसांच्या आत कुणीतरी त्या ऊसतोडीच्या बाईला सांगेल, "आक्के, तिकडं फोन करून बघ." मामांना हे सांगितलं. "बायका बोलतील का सभेत बाळंतपणाचं?" असं म्हणाले, मग थोडं थांबून, "बोलतील. दारूबंदीचं बोलल्या की."

आपल्या घरापुरतं मी सुरू केलंय. एका वहीत घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्माचं ठिकाण, कार्यालय, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख लिहितेय. अकरा नावं झाली. धुळ्याच्या वन्सं, ठाण्याची मंडळी आणि धाकट्या मामांकडची मुलं बाकी आहेत. दाखल्याचे फोटो पाठवू नका, क्रमांक वाचता येत नाहीत. फोन करा, संध्याकाळी सातनंतर. आणि आजीची पत्र्याची ट्रंक सध्या कुणाकडे आहे तेवढं कळवा.